लॅपटॉपचा धनी कोण?

शिक्षणाकरितां गांव सोडून जाणाऱ्या मुलाच्या सामानांत पूर्वीं पत्र्याची पेटी, सतरंजी व तांब्या-भांडें एवढ्याच वस्तू असत. आतां त्यांत लॅपटॉपची भर पडली आहे. प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रयोगाचा अहवाल, परीक्षेचें प्रवेशपत्र, हीं सर्व कामें संगणकावांचून अडतात. इ. स. २०११ सालीं गडचिरोली येथें गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालें व चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयें त्याच्या कक्षेंत आलीं. आमच्या गोंडपिपरी तालुक्यांतून पदवीपर्यंत जाणाऱ्या मुलामुलींना हें यंत्र आतां पाटी-पेन्सिलीइतकें जवळचें झालें आहे. परंतु पाटीची किंमत आणि याची किंमत यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. कोणाच्या घरीं तें धानाच्या विक्रींतून येतें, कोणाच्या घरीं कापसाच्या, तर कोणाच्या घरीं तेंदूपत्त्याच्या हंगामांत आईबापांनीं भल्या पहाटे जंगलांत जाऊन मिळविलेल्या मजुरींतून येतें. इतक्या कष्टाचें धन जींत घातलें, ती वस्तु खरोखर आपल्या मालकीची झाली कीं नाहीं, हें पाहणें अगत्याचें आहे.

पैसे मोजले, पावती घेतली, खोकें घरीं आणलें, म्हणजे मालकी पुरी झाली, असें पुष्कळांस वाटतें. यंत्रापुरतें तें खरें आहे. परंतु लॅपटॉप म्हणजे दोन वस्तूंचा जोड आहे. एक, हातांत धरतां येणारें यंत्र. आणि दुसरी, त्यांत अगोदरच भरून दिलेली कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. पडद्यावर अक्षरें उमटविणें, कळफलकावरील आघात ओळखणें, लिहिलेलें जपून ठेवणें, हीं सर्व कामें ती यंत्राकडून करवून घेते. आपल्याकडील बहुतेक लॅपटॉपांत ती मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज असते. यंत्र आपण विकत घेतों. कार्यप्रणाली मात्र त्या अर्थानें विकत मिळत नाहीं, ती वापरण्याचा परवाना तेवढा मिळतो. हा परवाना आपल्या यंत्राचाच आहे याची खातरजमा होणें यास ॲक्टिव्हेशन अथवा सक्रियीकरण म्हणतात. आणि हें यंत्र अमुक व्यक्तीचें आहे असें कंपनीच्या दप्तरीं लिहविणें यास नोंदणी म्हणतात. दोन्ही क्रिया लागोपाठ होतात, म्हणून त्या एकच आहेत असा समज होतो. वस्तुतः त्या भिन्न आहेत, आणि त्यांतील भेद न कळल्यामुळें पुष्कळ वेळां नुकसान होतें.

हा भेद समजून घेण्यास आम्हां जंगलपट्टींतील लोकांना दूर जावयास नको. आलापल्लीच्या जंगलांत साग तोडला म्हणजे त्याच्या ओंडक्यावर क्रमांक घालून वनखात्याच्या हातोड्याची खूण उमटवितात. पुढें तो ओंडका वाहनांतून निघाला म्हणजे त्याच्याबरोबर वाहतुकीचा पास असावा लागतो. लांकडाच्या वाहतुकीवर असें नियंत्रण ठेवण्याचा अधिकार इ. स. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानें सरकारास दिलेला आहे. तपासणी नाक्यावर शिपाई काय पाहतो? ओंडक्यावरील खूण आणि पासावरील नोंद जुळते कीं नाहीं, हें तो पाहतो. जुळली तर फाटक उघडतें. लॅपटॉपच्या आंत कारखान्यांत लिहून ठेवलेली चावी ही हातोड्याची खूण होय. ती इंटरनेटवरून कंपनीच्या दप्तराशीं ताडून पाहणें ही नाक्यावरील तपासणी, म्हणजेच ॲक्टिव्हेशन होय. आणि बल्लारशाहच्या आगारांतून लांकूड घेणाऱ्याचें नांव वहींत लिहिणें, ही नोंदणी होय. खूण जुळली तरी वहींत नांव भलत्याचें लिहिलें गेलें, तर पुढें तंटा उपस्थित व्हावयाचाच.

आतां हा खटाटोप कंपन्यांनीं कां सुरू केला, तें थोडक्यांत पाहूं. इ. स. १९९५ सालीं विंडोज ९५ बाहेर पडली, तेव्हां तबकडीबरोबर एक छापील क्रमांक मिळे व तो स्थापनेच्या वेळीं टाइप करावा लागे. दुकानांत विकल्या जाणाऱ्या प्रतींच्या क्रमांकाची परीक्षा फारच सोपी होती: शेवटल्या सात अंकांची बेरीज सातानें निःशेष भागली गेली पाहिजे, हा तिचा मुख्य नियम. आमच्या आठवीच्या वर्गांतील गणिताची आवड असलेला विद्यार्थी असे शेंकडों क्रमांक घटकाभरांत बनवील. शिवाय संगणक बाहेर कोणास विचारीत नसे. आपल्याशींच ताळा पाहून तो समाधान मानी. त्यामुळें एकच तबकडी व एकच क्रमांक दहा घरीं चालत असे.

इ. स. २००१ च्या ऑक्टोबर महिन्यांत विंडोज एक्सपी आली आणि तिच्याबरोबर सक्तीचें ॲक्टिव्हेशन आलें. त्यासाठीं तीस दिवसांची मुदत असे. संगणक आपला प्रोसेसर, डिस्क, स्मृति, नेटवर्क-कार्ड इत्यादि भागांवरून एक सांकेतिक आंकडा तयार करी, आणि तो आंकडा चावीसह इंटरनेटनें अथवा टेलिफोननें कंपनीस कळविला जाई. चावी पंचवीस चिन्हांची, पांच-पांचांच्या पांच गटांत लिहिलेली. शून्य व ओ, एक व आय अशीं एकमेकांसारखीं दिसणारीं चिन्हें तींतून वगळलेलीं होतीं. चोवीस चिन्हें उरत. चोवीस चिन्हांनीं पंचवीस जागा भरावयाच्या म्हणजे चोवीसचा पंचविसावा घात झाला, आणि ती संख्या पस्तीस आंकडी येते. नुसत्या अंदाजानें चावी सांपडण्याचे दिवस तेथें संपले.

त्या काळीं चावीचा कागद लॅपटॉपच्या तळाशीं चिकटविलेला असे. हाताळून हाताळून अक्षरें पुसट होत, आणि पुन्हां स्थापना करण्याची वेळ आली म्हणजे भिंग घेऊन बसावें लागे. इ. स. २०१२ सालीं विंडोज ८ आली तेव्हांपासून ही पद्धति बदलली. प्रत्येक यंत्रास स्वतंत्र चावी देऊन ती मदरबोर्डावरील फर्मवेअरमध्यें कारखान्यांतच लिहून ठेवूं लागले. पुढें इ. स. २०१५ सालीं विंडोज १० बरोबर डिजिटल लायसन्सची पद्धत आली. तींत यंत्राच्या अंतर्भागाची ओळख कंपनीच्या दप्तरांतच राहते, आणि धन्याच्या हातीं कागद राहत नाहीं.

यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, नव्या लॅपटॉपला चावी टाइप करावी लागत नाहीं. यंत्र इंटरनेटशीं जोडलें कीं ती आपोआप ताडून पाहिली जाते. दुसरी, उद्यां डिस्क पुसून तीच आवृत्ति पुन्हां घातली, तरी स्थापना करणारा कार्यक्रम फर्मवेअरमधील चावी स्वतः वाचतो, आणि नवा परवाना विकत घ्यावा लागत नाहीं. तिसरी, हा परवाना यंत्राशीं बांधलेला असल्यामुळें तो दुसऱ्या यंत्रास नेऊन लावतां येत नाहीं. मदरबोर्ड बिघडून बदलण्याची पाळी आली, तर काम उत्पादकाच्या अधिकृत दुरुस्ती-केंद्राकडेच द्यावें; कारण नव्या मदरबोर्डावर परवान्याची व्यवस्था करून देणें त्यांच्याच हातीं असतें.

आतां प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळूं. दुकानांत असतांनाच पावतीकडे नीट पहावें. तीवर यंत्राचा नमुना, अनुक्रमांक आणि कार्यप्रणालीचें नांव स्पष्ट असावें. कांहीं लॅपटॉप डॉस, फ्रीडॉस किंवा उबंटू असें लिहून विकतात. ते स्वस्त पडतात, कारण त्यांत विंडोजचा परवाना अंतर्भूत नसतो. अशा यंत्रावर कोणी "विंडोज फुकट टाकून देतों" म्हणाला, तर तो परवाना आला कोठून, हा प्रश्न तेथेंच विचारावा. आपल्या देशांत विकल्या जाणाऱ्या पुष्कळ लॅपटॉपांत "होम सिंगल लँग्वेज" ही आवृत्ति असते. तिच्यांत पडद्यावरील सूचनांची भाषा एकच ठेवतां येते, यास्तव आरंभीं भाषा निवडतांना विचार करावा. मराठींत लिहिण्यास मात्र कोणत्याही आवृत्तींत आडकाठी नाहीं. जुनें यंत्र घेणारांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. विंडोज १० ची सर्वसाधारण साहाय्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली आहे. आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नांवाचा सुरक्षेचा भाग लागतो, तो पुष्कळ जुन्या यंत्रांत नसतो.

खोकें उघडण्याचा मान दुकानदारास न देतां स्वतः घ्यावा. यंत्र प्रथम सुरू करतांना चार्जर लावून ठेवावा. आमच्याकडे पावसाळ्यांत वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो, आणि कामाच्या मध्यावर यंत्र बंद पडणें बरें नव्हे. इंटरनेटसाठीं मोबाइलचा हॉटस्पॉट पुरतो. ॲक्टिव्हेशनच्या देवघेवीस फारच थोडा डेटा खर्च होतो. परंतु त्याच वेळीं सुधारणा, म्हणजे अपडेट, उतरूं लागतात, आणि त्या कित्येक जीबी भरतात. दिवसाचा डेटा संपून काम अर्धवट राहूं नये म्हणून ज्या ठिकाणीं टॉवरची लहर चांगली मिळते तेथें, हातीं दोन-तीन तासांचा वेळ ठेवून बसावें. जंगलाच्या आंतील गांवीं राहणारांनीं तालुक्याच्या गांवीं कोणा नातलगाकडे बसून हें काम उरकलेलें चांगलें.

यंत्र एकामागून एक प्रश्न विचारतें. देश विचारल्यावर भारत निवडावा. कळफलक विचारल्यावर प्रथम इंग्रजी निवडावा व दुसरा म्हणून मराठी जोडावा. त्यानंतर वाय-फाय, परवान्याच्या अटींस संमति, यंत्राचें नांव, खातें, पिन आणि खासगी माहितीविषयींचे पर्याय असा क्रम साधारणतः असतो. तारीख व वेळ बरोबर आहे कीं नाहीं, हेंही पहावें. ती चुकीची असली तर दूरच्या दप्तराशीं विश्वासाची बोलणी होत नाहींत व ॲक्टिव्हेशन अडतें. पुष्कळ यंत्रांत उत्पादक कंपनीचा स्वतःचा नोंदणी-फलकही पुढें येतो. त्यांत नांव, ई-मेल व मोबाइल क्रमांक मागतात, आणि जाहिराती पाठविण्यास संमतीची एक लहानशी चौकट असते. ही नोंदणी केल्यानें दुरुस्तीच्या वेळीं सोय होते. परंतु ती न केल्यानें विंडोज बंद पडत नाहीं, आणि जाहिरातींस संमति देण्याचें कारण नाहीं. हमीचा खरा आधार म्हणजे पावती व यंत्राच्या तळाशीं असलेला अनुक्रमांक होय.

या सर्व प्रश्नांत अत्यंत महत्त्वाचा प्रश्न खात्याचा आहे. इ. स. २०२१ सालीं विंडोज ११ आली, तेव्हांपासून होम आवृत्तीच्या पहिल्या मांडणीस इंटरनेट व मायक्रोसॉफ्टचें खातें हीं दोन्ही लागतात. गडबडींत असलेला दुकानदार येथें स्वतःचें खातें घालून मोकळा होतो. गिऱ्हाईकास वाटतें, बिचाऱ्यानें आपले श्रम वांचविले! पिन चालतो, पडदा उजळतो, सर्व ठीक दिसतें. ओंडक्यावरील खूण जुळलेली असते. वहींत नांव मात्र दुकानदाराचें पडलेलें असतें.

याचा परिणाम काय होतो, तें आमच्या पाहण्यांत आलेल्या एका उदाहरणावरून सांगतों. आमच्या शाळेंतून गेलेली एक हुशार मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षांत होती. तिचा लॅपटॉप दुरुस्तीस गेला व त्याचा मदरबोर्ड बदलण्यांत आला. यंत्र परत आलें तें निळा पडदा दाखवीत, आणि अठ्ठेचाळीस आंकडी "रिकव्हरी की" मागत. नव्या लॅपटॉपांपैकीं कित्येकांत डिस्कवरील मजकूर आपोआप कुलूपबंद होतो. त्यास डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. यंत्र चोरीस गेलें तरी चोरास आंतील कागद वाचतां येऊं नयेत, हा त्याचा हेतु, आणि तो स्तुत्य आहे. या कुलपाची जादा किल्ली ज्या खात्यानें यंत्र प्रथम सुरू केलें त्या खात्यांत जमा होते. अंतर्भागांत मोठा फेरफार झाला म्हणजे यंत्रास शंका येते व तें ती किल्ली मागतें. या मुलीच्या यंत्राची किल्ली दुकानदाराच्या खात्यांत होती. त्यानें तें खातें पुष्कळ दिवसांपूर्वींच टाकून दिलेलें होतें, व त्याचा परवलीचा शब्द त्यास आठवेना. दीड वर्षाचे अहवाल, टिपणें व घरच्यांचीं छायाचित्रें त्या कुलपाआड राहिलीं. अखेर डिस्क पुसावी लागली. यंत्र पुन्हां चालूं लागलें, विंडोजचा परवानाही कायम राहिला, गेलें तें फक्त तिचें काम. त्या मुलीनें अहवाल पुन्हां लिहून काढले. परंतु आजीचें एकुलतें एक छायाचित्र कोठून लिहून काढावें?

म्हणून खातें स्वतःच्या नांवाचें असावें; विद्यार्थी लहान असल्यास आईच्या किंवा बापाच्या नांवाचें असावें. इ. स. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यानें अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानलें असून तिची माहिती हाताळण्यास पालकांच्या संमतीचें तत्त्व घालून दिलें आहे. तेव्हां पालकांस शेजारीं बसवूनच हें काम करणें उचित. खात्यास जो मोबाइल क्रमांक द्यावयाचा तो घरांत कायम राहणारा असावा. सवलतीसाठीं दर सहा महिन्यांनीं बदलणारा नसावा. खातें झाल्यावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर त्याच खात्यानें प्रवेश करून यंत्रांच्या यादींत आपल्या लॅपटॉपची रिकव्हरी की पहावी, आणि ती कागदावर उतरून घ्यावी. तो कागद लॅपटॉपच्या पिशवींत ठेवूं नये. घरीं ज्या पेटींत सात-बाराचा उतारा व जन्माचा दाखला असतो, तेथें ठेवावा.

ज्यांच्या यंत्रांत दुकानदाराचें खातें अगोदरच आहे त्यांनीं घाबरून जाऊं नये. परंतु उशीरही करूं नये. यंत्र सुरळीत चालत आहे तोंच सर्व महत्त्वाचे कागद पेनड्राइव्हवर उतरून घ्यावे. नंतर सेटिंग्जमधील "रीसेट" या सोयीनें सर्व कांहीं पुसून यंत्र पुन्हां पहिल्यापासून सुरू करावें, व या वेळीं स्वतःचें खातें घालावें. परवाना यंत्रांतच असल्यामुळें तो जात नाहीं. लॅपटॉपबरोबर ऑफिसचा संच मिळाला असेल, तर त्याची गोष्ट निराळी आहे. त्याचा परवाना ज्या खात्यानें प्रथम सुरू केला त्यासच चिकटतो. तो भलत्याच्या खात्यास चिकटला असल्यास रीसेट करण्यापूर्वीं दुकानदाराशीं बोलून निकाल लावून घ्यावा. तो सुरू करण्यास कित्येक वेळां मुदतीची अट असते. म्हणून खोक्यांतील पत्रक वाचल्याशिवाय टाकूं नये.

ॲक्टिव्हेशन झालें कीं नाहीं हें ओळखणें सोपें आहे. सेटिंग्ज उघडून सिस्टिम व त्यांत ॲक्टिव्हेशन पहावें. तेथें "ॲक्टिव्ह" असा शब्द व खालीं डिजिटल लायसन्सचा उल्लेख असला म्हणजे निर्धास्त असावें. तें लायसन्स आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशीं जोडलें आहे असें लिहिलेलें असल्यास अधिकच उत्तम. "नॉट ॲक्टिव्ह" असें असल्यास प्रथम इंटरनेट व तारीख तपासावी, आणि तेथेंच दिलेली "ट्रबलशूट" ही कळ दाबावी. ॲक्टिव्हेशन झालेलें नसलें तरी यंत्र अगदी थांबत नाहीं. पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यांत फिकट अक्षरांत आठवण दिसत राहते व पडद्याची सजावट बदलण्याचे पर्याय बंद राहतात. तिसरा एक प्रकार आहे, आणि त्याकडे विशेष लक्ष द्यावें. आपल्या घरगुती लॅपटॉपवर "तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हिसनें सक्रिय केलें आहे" अशा अर्थाचें इंग्रजी वाक्य दिसलें, तर दाल में काला आहे असें समजावें. मोठ्या कचेऱ्यांतून शेंकडों संगणक असतात. त्यांच्यासाठीं केएमएस नांवाची पद्धत आहे, आणि तिनें झालेलें ॲक्टिव्हेशन एका वेळीं १८० दिवसच टिकतें. शेतकऱ्याच्या घरांतील लॅपटॉपला अशी कचेरी कोठून आली? कोणी तरी मूळची होम आवृत्ति पुसून त्यावर चोरीची प्रो आवृत्ति चढविली, असाच त्याचा बहुधा अर्थ असतो. कारखान्यांतील चावी होम आवृत्तीची असल्यामुळें ती प्रो आवृत्तीशीं जुळत नाहीं, आणि मग ती लबाडी करावी लागते. यास उपाय असा कीं, मूळचीच आवृत्ति पुन्हां घालावी. दडलेली खरी चावी पुन्हां पुढें येते. ज्याची किंमत भरलेलीच आहे, तें टाकून चोरीचें वापरणें यासारखा खुळेपणा दुसरा नाहीं.

चोरीच्या चाव्या व "क्रॅक" म्हणून फिरणारे कार्यक्रम यांविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. आपल्या देशांत १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाखालीं संगणकाच्या कार्यक्रमास वाङ्मयीन कृतीप्रमाणेंच संरक्षण आहे. आणि १९९४ च्या दुरुस्तीनें जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरणें हाही दंडनीय अपराध ठरविण्यांत आला. परंतु कायद्याचें भय क्षणभर बाजूस ठेवलें, तरी हा सौदा आंतबट्ट्याचाच आहे. क्रॅक चालविण्यापूर्वीं विषाणु-प्रतिबंधक बंद करा, अशी सूचना बहुधा असते. म्हणजे राखणीचें कुत्रें बांधून ठेवा, दार उघडें टाका, आणि अनोळखी मनुष्यास आंत घ्या! ज्या यंत्रावर बापाच्या बँकेचें खातें व शिष्यवृत्तीचा अर्ज उघडावयाचा, त्याचा पूर्ण ताबा अशा कार्यक्रमाकडे देणें म्हणजे चोराच्या हातीं जामदारखान्याच्या किल्ल्या देणें होय. तसेंच "मायक्रोसॉफ्टमधून बोलतों, तुमचें विंडोज बंद पडणार आहे" असा फोन आला तर तो तत्काळ ठेवून द्यावा. कंपनी असे फोन आपण होऊन करीत नाहीं. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. दुकानदारानें फसविलें असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

परवान्याची किंमत ज्यांस झेपत नाहीं त्यांच्यापुढें चोरी हाच एक मार्ग आहे असें मुळींच नाहीं. इ. स. १९९१ पासून वाढत आलेल्या लिनक्सवर आधारलेल्या कार्यप्रणाल्या विनामूल्य व कायदेशीर आहेत. त्यांना ॲक्टिव्हेशन लागत नाहीं, आणि त्यांच्या प्रती मित्रांस देण्यास पूर्ण मुभा असते. पुणें येथें इ. स. १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनें याच पायावर "बॉस", म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स, ही कार्यप्रणाली इ. स. २००७ मध्यें बाहेर आणली. तींत मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. डॉसवाला स्वस्त लॅपटॉप घेऊन त्यावर अशी प्रणाली घालणें हा गरीब विद्यार्थ्यास अगदी सरळ मार्ग आहे. मात्र आपल्या अभ्यासक्रमास लागणारे कार्यक्रम तीवर चालतात कीं नाहीं, हें महाविद्यालयांत आधीं विचारून घ्यावें.

मराठी लिहिण्याविषयीं आम्हीं वर म्हटलेंच आहे. इन्स्क्रिप्ट हा कळफलक इ. स. १९९१ च्या भारतीय मानकांत समाविष्ट झाला. त्यांत स्वर डाव्या हातास व व्यंजनें उजव्या हातास येतात, आणि पंधरा दिवसांच्या सरावानें बोटें त्यावर बसतात. ज्यांस इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहिणें सोपें जातें त्यांच्यासाठीं विंडोजमध्यें इ. स. २०१९ पासून मराठी फोनेटिक कळफलकही आहे. ज्या घरीं गोंडी बोलतात तेथील मुलांनीं आजी-आजोबांच्या कथा देवनागरींत उतरून घेण्यास हाच कळफलक वापरावा. गोंडीच्या मसराम व गुंजाला या दोन लिप्यांसही अनुक्रमें २०१७ व २०१८ सालीं युनिकोडमध्यें स्थान मिळालें आहे, ही आनंदाची गोष्ट होय.

तात्पर्य, नवा लॅपटॉप घेणाराच्या वहींत पांच नोंदी असाव्या: पावतीचा क्रमांक व तारीख, यंत्राचा अनुक्रमांक, कार्यप्रणालीच्या आवृत्तीचें नांव, खातें कोणाच्या नांवें व कोणत्या मोबाइल क्रमांकावर आहे तें, आणि अठ्ठेचाळीस आंकडी रिकव्हरी की. परवलीचा शब्द मात्र वहींत लिहूं नये, तो डोक्यांत ठेवावा. याशिवाय महिन्यांतून एकदां आपल्या कामाची प्रत पेनड्राइव्हवर घेण्याचा परिपाठ ठेवावा. शेतकरी सगळें धान विकून टाकीत नाहीं, बियाण्यापुरतें निराळें काढून ठेवतो, तसेंच हें आहे.

हीं कामें करण्यास अभियंता व्हावें लागत नाहीं. आमच्या वर्गांतील कोणताही विद्यार्थी पडद्यावरील प्रत्येक वाक्य सावकाश वाचून, न कळलेला शब्द विचारून, एका दुपारीं तीं पुरीं करूं शकेल. ज्यास तीं आलीं त्यानें आपल्या मोहल्ल्यांतील दुसऱ्या दोघांस शिकवावीं. तेवढ्यानें दोन घरांतील मुलांचें वर्षावर्षाचें काम सुरक्षित राहील.